नवख्याचं नाव लाभलेला खेळ



बक्षीस समारंभाला आलेला पाहुणा सहसा यशाच्या शिखराविषयी बोलतो. मी आज एका जगज्जेत्याच्या उतरणीविषयी बोलणार आहे. हा जगज्जेता म्हणजे इंग्लंडचा स्नूकरपटू स्टीव्ह डेव्हिस. खेळाडू तिकडचा असला तरी खेळाचा जन्म मात्र आपल्या शेजारचा, जबलपूरचा. 1875 साली तिथल्या छावणीत नेव्हिल चेंबरलेन या तरुण ब्रिटिश अधिकाऱ्याने बिलियर्ड्सच्या टेबलावर रंगीत चेंडूंची भर घालून हा खेळ रचला, असं मानलं जातं. लंडनजवळच्या वूलिच इथल्या लष्करी अकादमीत नव्याने दाखल झालेल्या विद्यार्थ्याला ‘स्नूकर’ म्हणत. सोपा फटका चुकलेल्या गड्याला चेंबरलेनने तो शब्द चिकटवला आणि पुढे खेळालाच ते नाव पडलं, असं सांगतात. डेव्हिसही त्याच वूलिचला लागून असलेल्या प्लमस्टेडचा, हा योगायोगच. पण नवख्याचं नाव लाभलेल्या या खेळाने त्याच्या रूपाने एक गोष्ट दाखवून दिली: मान-मरातब ओसरल्यावर ज्याला पुन्हा विद्यार्थी होता येतं, त्याचंच विद्येवरचं प्रेम खरं.

पुरावा पाहू. डेव्हिस 1978 साली व्यावसायिक झाला. 1981 ते 1989 या नऊ वर्षांत त्याने सहा वेळा जगज्जेतेपद मिळवलं. या यशाचा पाया साधा होता: जो डेव्हिस या जुन्या विजेत्याचं पुस्तक समोर ठेवून वडिलांनी त्याच्याकडून घोटून घेतलेली मूलतत्त्वं. नातं काही नाही, फक्त आडनाव एक. पराभवही त्याच्या वाट्याला जबरदस्त आले. 1985च्या अंतिम सामन्यात तो डेनिस टेलरविरुद्ध 8-0 असा पुढे होता. पस्तिसाव्या डावातल्या शेवटच्या काळ्या चेंडूवर तो 18-17 असा हरला, तोही मध्यरात्र उलटून गेल्यावर, ब्रिटनमधले 1 कोटी 85 लाख प्रेक्षक दूरदर्शन संचापुढे जागे असताना. पुढच्या वर्षी जो जॉन्सनने त्याला अंतिम फेरीत पुन्हा हरवलं. त्यानंतर सलग तीन विजेतेपदं आली, हा भाग सगळ्यांना आवडतो. माझ्या मते खरी परीक्षा 1989 नंतरची. स्टीफन हेंड्री आणि त्याच्या पाठोपाठची पिढी आली, आणि डेव्हिसला पुन्हा कधीच जगज्जेता होता आलं नाही. तरी तो आणखी सत्तावीस वर्षं खेळला. 2005च्या यूके चॅम्पियनशिपच्या अंतिम सामन्यात अठ्ठेचाळीस वर्षांच्या डेव्हिससमोर अठरा वर्षांचा डिंग जुनहुई उभा होता. डिंग जिंकला. 2010 साली बावन्न वर्षांचा डेव्हिस पात्रता फेरीतून जागतिक स्पर्धेत आला आणि त्याने गतविजेत्या जॉन हिगिन्सला 13-11 असं नमवलं. पुढच्याच फेरीत तो हरला.

यावर कोणी म्हणेल, लोकांनी ‘अजून का जात नाही’ असं विचारण्याआधी निघून जावं, यातच शोभा आहे. ज्याला लोकांच्या आठवणीतली आपली तसबीर जपायची आहे, त्याच्यासाठी हा सल्ला योग्यच. पण तसबीर जपणं ही कीर्तीची काळजी झाली, खेळाची नव्हे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर: म्हाताऱ्याने जागा अडवली तर तरुणांनी काय करायचं? इथे स्नूकरची रचना लक्षात घ्या. व्यावसायिक स्पर्धांमधली जागा क्रमवारीने टिकते आणि क्रमवारीनेच जाते. 2014 साली डेव्हिसचीही गेली. शेवटी माजी विजेता म्हणून जागतिक स्पर्धेच्या पात्रता फेरीत त्याला प्रवेश मिळाला, ही सवलत होती हे मान्य. पण त्या फेरीतही समोरच्याला हरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 2016 साली तो तिथेच हरला आणि त्याने निवृत्ती जाहीर केली. तिसरा आक्षेप असा की पैसा गाठीशी असलेल्यालाच असे लाड परवडतात. हेही खरंच. मात्र पैशाने वेळ मिळतो. आपल्याहून निम्म्या वयाच्या मुलाकडून चारचौघांत हरण्याची तयारी पैशाने मिळत नाही.

आणि निवृत्तीनंतर या गृहस्थाने काय केलं? साठीच्या आसपास तो इलेक्ट्रॉनिक संगीताच्या एका बँडमध्ये वाजवायला लागला. म्हणजे खेळायची काठी ठेवली आणि दुसऱ्या एका वर्गात पुन्हा पहिल्या वर्षाला नाव घातलं.

मित्रांनो, आज या व्यासपीठावर काहींच्या हातात ढाल येईल, बरेच जण टाळ्या वाजवून रिकाम्या हाताने घरी जातील. दोघांनाही माझं एकच सांगणं आहे. उद्या सकाळी हा मांडव उतरलेला असेल, पण मैदान, प्रयोगशाळा आणि तालमीची खोली जागेवरच असेल. तिथे वेळेवर या. विजेत्याने आणि हरलेल्याने, दोघांनीही नवख्यासारखं यावं.