आधी जागा, मग अंथरूण



व्याख्यानमालेत श्रोत्यांना झोप येणे ही जुनी गोष्ट आहे. व्याख्यात्याने झोप हाच विषय घ्यावा, हे तेवढे नवे. या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, शेती, सहकार अशा मोठ्या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. मी आज बोलणार आहे तो विषय त्या मानाने लहान आहे. मोटार घेऊन रानात मुक्कामाला जावे, तर रात्री निजावे कोठे आणि कशावर, एवढाच माझा प्रश्न. पण या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर कधी कधी सकाळ उजाडत नाही, म्हणून तो आपल्यापुढे मांडण्याचे धाडस करीत आहे.

आपल्या कोल्हापुराला मुक्कामाची विद्या शिकवावी लागू नये. जोतिबाच्या चैत्र यात्रेला लोक पिढ्यान् पिढ्या बैलगाड्यांतून आले आणि गाडीखालीच निजले. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या जत्रेला धनगर मंडळी अंगावरच्या घोंगडीनिशी उघड्या माळावर रात्र काढतात. पुढे जीप आली. आपल्या खेड्यांत तिचे 'वडाप' झाले आणि पाचांच्या जागी पंधरा माणसे बसवण्याची कला आपण साध्य केली. आता त्याच जीपची गुबगुबीत भावंडे, ज्यांना एसयूव्ही म्हणतात, घरोघर आली आहेत. शनिवारी दुपारी राधानगरी, गगनबावडा आणि आंबा घाट या रस्त्यांना लागून पाहा. टपावर सामान बांधलेल्या गाड्यांची रांगच दिसेल. हौस चांगली आहे. चार भिंतींबाहेर एक रात्र काढली की मुलांना आकाश किती मोठे असते ते कळते.

मीही त्याच हौसेने गेलो होतो. दिवाळी नुकतीच झालेली, गारगोटीच्या रस्त्याला एका स्नेह्याचे पडीक रान, आणि नवी मोटार. मागची सीट पाडली की पलंग तयार होतो, असे मला वाटत होते. रात्री कळले की त्या पलंगाला मध्येच चार बोटांची पायरी आहे, ती नेमकी कमरेखाली येते, आणि गाडी उतारावर उभी असल्याने डोके खाली व पाय वर झाले आहेत. डासांच्या भयाने काचा घट्ट लावल्या. पहाटे त्याच काचांवरून पाणी ओघळून उशीवर येऊ लागले. उजाडताच मी बाहेर आलो. पलीकडच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. तिथला एक म्हातारा धनगर घोंगडी झटकीत उभा होता. गाडीकडे पाहत म्हणाला, "काय पावनं, गाडी लई झ्याक हाय. पर झोप झाली का?"

मी म्हटले, "नाही हो मामा, रात्रभर डोळा लागला नाही."

"लागंल कसा? आदी जागा बघावी, मग अंथरूण, मग पांघरूण. तुमी आदी गाडी घेतली."

एवढे बोलून तो मेंढ्यांकडे वळला. आज मी जे सांगणार आहे ते त्या तीन शब्दांचे विवरण आहे. आपण शहरातली माणसे हा क्रम उलटा करतो. प्रथम मोटार घेतो, मग तिच्यावरचा तंबू, मग पिशवीसारखी शिवलेली ती निजण्याची खोळ, आणि जागा मात्र अंधार पडल्यावर बॅटरीच्या उजेडात शोधतो.

तेव्हा पहिली गोष्ट जागा. मुक्कामाची जागा दिवसाउजेडी गाठावी. ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू मऊ लागते म्हणून तेथे पथारी टाकू नये. गगनबावड्यासारख्या मुलखात पाऊस डोंगरावर पडतो आणि पाणी खाली येते. आपल्या डोक्यावर चांदणे असतानाही लोंढा येऊ शकतो. वठलेल्या झाडाखाली निजू नये. दगडी बांध, लाकडांचा ढीग, कडब्याची गंजी, पडकी भिंत यांना टेकून निजू नये, कारण तेथे आपल्या आधीचे रहिवासी असतात. त्यांच्याविषयी पुढे बोलतो. जमीन सपाट आहे की नाही, हे पाहण्यास यंत्र लागत नाही. अर्धी भरलेली पाण्याची बाटली गाडीत आडवी ठेवावी, पाणी कोणीकडे धावते ते पाहावे आणि गाडी तशी हलवावी. थोडा उतार राहिलाच तर उंच बाजूला डोके करावे.

जागेचा मालक कोण, हाही प्रश्न आहे. शेत असेल तर शेतकऱ्याला विचारावे. विचारल्यावर आपल्याकडे सहसा नाही म्हणत नाहीत, वर भाकरी देतात. अभयारण्याची गोष्ट वेगळी. दाजीपूरचे जंगल १९५८ साली गव्यांसाठी राखले गेले, पुढे १९८५ साली ते वाढून राधानगरी अभयारण्य झाले. आज त्याचे क्षेत्र सुमारे ३५१ चौरस किलोमीटर आहे आणि २०१२ पासून ते पश्चिम घाटाच्या जागतिक वारशाचा भाग आहे. तेथे परवान्याशिवाय प्रवेश नाही, आणि वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने तेथे आग लावणे हा गुन्हा आहे. गवा पाण्यावर येतो ती वाट त्याची आहे. आपल्या तंबूसाठी तो वळसा घालील, अशी अपेक्षा धरू नये. पन्हाळा किल्ला २०२५ साली मराठ्यांच्या लष्करी स्थळांबरोबर जागतिक वारशात गेला. त्याच्या शेजारचे मसाई पठार पाहून मोटार थेट वर घालण्याचा मोह होतो. पण या सड्यांवर जांभ्या खडकावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो, आणि पावसाळ्यातली सारी फुले त्या बोटभर मातीवर जगतात. एका चाकोरीने ती माती सुटली की पुन्हा धरायला किती पावसाळे जातील, कोण सांगणार? मोटार रस्त्यावर ठेवावी, आणि आपण पायी जावे.

दुसरी गोष्ट अंथरूण. येथे चार वाटा आहेत. मोटारीत निजणे, टपावरच्या तंबूत निजणे, जमिनीवरच्या तंबूत निजणे आणि झाडाला बांधलेल्या झोळीत निजणे.

मोटारीत निजण्याची सोय मोठी. पाऊस, वारा, कुत्री, जनावरे यांपासून बचाव होतो, आणि वेळ आली तर किल्ली फिरवून निघता येते. वृद्धांना आणि लहान मुलांना ही वाट बरी. मात्र गाडी घेण्याआधी दुकानात टेप घेऊन जावे. सीट पाडून पुढच्या सीटच्या पाठीपासून डिकीच्या दारापर्यंत मोजावे आणि लाज न बाळगता आडवे होऊन पाहावे. विक्रेता हसेल, हसू द्यावे. साडेपाच फुटांच्या माणसाला निदान सहा फूट लांबी हवी. जागा कमी पडली तर पुढची सीट सरकवावी, नाहीतर तिरके निजावे. पाडलेल्या सीटची पायरी गादीने झाकली जात नाही. तिच्या खालच्या बाजूला सामानाची पेटी किंवा प्लायवूडची फळी देऊन आधी पातळी एक करावी, मग वर दोन-तीन इंच जाडीचा फोम घालावा. दोघांहून अधिकांनी या वाटेला जाऊ नये.

टपावरचा तंबू दिसतो मोठा देखणा. तो जमिनीपासून उंच असतो, खाली चिखल असो की मुंग्या, त्याला फरक पडत नाही. पण धावत्या गाडीच्या टपावर किती ओझे चालते, हे गाडीच्या पुस्तिकेत छापलेले असते आणि ते आपण समजतो त्याहून बरेच कमी असते. तंबूचे वजन त्यात बसते का, हे आधी पाहावे. ओझे वर गेले की गाडीचा तोल वर जातो, आणि करूळ किंवा फोंडा घाटाच्या वळणांवर त्याची आठवण होते. शिवाय रात्री शिडी उतरून खाली यावे लागते. साठी उलटलेल्या मंडळींना रात्री किती वेळा उतरावे लागते, हे या सभेत सांगण्याचे कारण नाही.

जमिनीवरचा तंबू सर्वांत स्वस्त, आणि कुटुंब मोठे असेल तर हाच उपाय. तो घेताना एकच गोष्ट पाहावी: त्याचा तळ भिंतींना शिवलेला असावा आणि दाराची चेन शेवटपर्यंत लागावी. झोळीत तरुण माणूस सुखाने निजतो. ज्याची कंबर धरते त्याने दुपारचे अर्धा तास झुलावे आणि रात्री उतरावे.

कोणतीही वाट घेतली तरी एक नियम समान आहे. थंडी वरून जितकी लागते, त्याहून खालून अधिक लागते. ऊब धरते ती कापडात किंवा लोकरीत अडकलेली हवा. अंगाखाली दबले की पांघरूणातली ती हवा निघून जाते आणि थंड जमीन शरीराची ऊब ओढीत राहते. म्हणून वर दोन रजया घेऊन खाली नुसती सतरंजी टाकणारा कुडकुडतो. हवा भरलेली मोठी गादीही थंडीत फसवते, कारण तिच्या पोटातली मोकळी हवा फिरत राहते आणि ऊब खाली पोचवते. तिच्यापेक्षा फोम बरा, आणि त्यावर घोंगडी अधिक बरी. लोकर ओली झाली तरी बरीचशी ऊब धरून ठेवते. सुताला ते जमत नाही. त्या धनगराला हे कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते.

तिसरी गोष्ट पांघरूण. आपल्यावर काय आहे, कशातून आपण श्वास घेतो, आणि कोण आपल्यापर्यंत येऊ शकतो, हे सारे मी या एका शब्दात धरतो. जिवाशी गाठ आहे ती येथे.

श्वासातून आपण रात्रभर वाफ बाहेर टाकतो. काचा मिटल्या की तीच पाणी होऊन गळते. म्हणून समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटे उघड्या ठेवाव्यात आणि त्यांवर बाहेरून जाळी लावावी. एवढ्याने उशी कोरडी राहते. पण उकाड्यासाठी किंवा थंडीसाठी इंजिन चालू ठेवून निजणे ही गोष्ट मात्र कधीही करू नये. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो, आणि मग प्राणवायूला जागाच उरत नाही. माणसाला गुदमरल्यासारखे होत नाही. डोके जड होते, झोप येते, आणि त्या झोपेतून तो उठत नाही. तंबूत किंवा गाडीत कोळशाची शेगडी नेणाऱ्याचेही हेच होते. विझत आलेली शेगडीही तितकीच घातकी. ऊब हवी असेल तर अंगात स्वेटर घालावा, पायांशी गरम पाण्याची पिशवी घ्यावी.

आता त्या आधीच्या रहिवाशांविषयी. आपल्याकडचे चार मुख्य विषारी साप म्हणजे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतली मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर निजलेल्या माणसाला झोपेत चावते. तिचे दात बारीक असतात. दंश दुखत नाही, सूज येत नाही, खूण शोधून सापडत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे समजतात की रात्रीचे जेवण बाधले. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे गेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी ५८ हजार झाली.

यावर उपाय महाग नाही. नेपाळच्या तराईत पाहणी झाली, तेव्हा मच्छरदाणीत निजणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका पुष्कळ कमी आढळला. मच्छरदाणीच्या कडा गादीखाली चारी बाजूंनी खोचाव्यात. नुसती लोंबती ठेवलेली मच्छरदाणी सापाला दार उघडून देते. जमिनीऐवजी खाट किंवा बाज असेल तर फारच उत्तम. सकाळी बूट उलटे करून झटकावेत, कारण त्यात विंचू बसतो. विंचवाच्या विषावर प्राझोसिन हे औषध किती गुणकारी आहे, हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी कोकणातल्या रोग्यांवर काम करून जगाला दाखवले. आणि पहाटे कोणाच्या पापण्या मिटू लागल्या, तर जखम शोधीत बसू नये, चिरू नये, दोर आवळू नये, मांत्रिकाकडे नेऊ नये. त्याला न चालवता गाडीत आडवे घालावे आणि जवळचे मोठे रुग्णालय, आपल्या शहरात असाल तर सीपीआर, गाठावे. मोटारीचा खरा उपयोग त्या क्षणी होतो. म्हणून रात्री गाडीचे तोंड रस्त्याकडे असावे आणि किल्लीची जागा सर्वांना ठाऊक असावी.

सभ्य स्त्रीपुरुषहो, बोलणे आवरते घेतो. आपण वर्षातून एखादी रात्र हौसेने बाहेर निजतो आणि तिच्यासाठी हजारो रुपयांचे सामान घेतो. पण याच जिल्ह्यात गळीत हंगाम सुरू झाला की बीडकडून ऊसतोड मजुरांची कुटुंबे येतात आणि चार-पाच महिने उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्यांत, भुईवर, लेकरे कुशीत घेऊन निजतात. रात्रीची वीज आली म्हणून उसाला पाणी पाजायला गेलेला शेतकरी बांधावरच आडवा होतो. मण्यार आपल्या तंबूशी येण्याआधी त्यांच्या अंथरुणाशी येते. निजण्याच्या सामानाची यादी करताना एक मच्छरदाणी जास्तीची घ्यावी, आणि वाटेत एखादी कोपी लागेल तेथे ती देऊन, कडा कशा खोचायच्या तेवढे दाखवून पुढे जावे. त्या म्हाताऱ्याने मला जे शिकवले त्याची फेड करण्याचा याहून सोपा मार्ग मला तरी सुचत नाही.