आपल्या नोंदी कोण लिहिणार?
(भाषणाचे शब्दांकन)



इंग्लंडमधल्या एखाद्या शेतमजुराच्या घरातला माणूस आज आपल्या दहा-बारा पिढ्यांमागच्या पूर्वजाचे नाव शोधू शकतो. त्या घराकडे जमीन नव्हती, त्यांच्यावर कोणी बखर लिहिली नव्हती. तरी नाव सापडते, ते चर्चच्या नोंदवहीमुळे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, दिवसभर डेटाबेसवर काम करतो. त्यामुळे या वहीकडे मी एक व्यवस्था म्हणून बघतो.

१५३८ साली राजा आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याने हुकूम काढला. प्रत्येक पॅरिशमध्ये, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत, दर रविवारी आठवड्यातले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने वहीत लिहायची. वही दोन कुलपांच्या पेटीत ठेवायची. एक किल्ली पाद्र्याकडे, दुसरी चर्चच्या कारभाऱ्यांकडे. लोक घाबरले. कर बसवायला नावे लिहून घेतात, अशी कुजबुज सुरू झाली. ती भीती अगदीच खोटी नव्हती. १६९०च्या दशकात या नोंदींवर खरोखर कर बसला. पण तोवर आणखी एक गोष्ट झाली होती. १५९८पासून दरवर्षी वहीची एक प्रत बिशपकडे जाऊ लागली. आमच्या भाषेत हा बॅकअप. मूळ वही कुठे ओलीने गेली, कुठे उंदरांनी खाल्ली. अशा अनेक ठिकाणी बिशपकडची प्रत कामी आली.

१९३८पासून मॉर्मन चर्चने जगभरच्या अशा नोंदींच्या मायक्रोफिल्म काढल्या. आज त्या डिजिटल झाल्या आहेत आणि 'फॅमिलीसर्च'वर बऱ्याचशा मोफत बघता येतात. मात्र यादीत नाव दिसले म्हणजे पूर्वज सापडला, असे नाही. एकाच गावात एकाच नावाचे तिघे असतात. स्पेलिंग लिहिणाऱ्याच्या कानावर अवलंबून असते. म्हणून आजपासून मागे, एकेक पिढी जोडत जायचे, भावंडांच्या नोंदीही बघायच्या आणि मूळ पानाचे छायाचित्र उघडून खात्री करायची.

आता या वहीत कोण नाही ते बघू. ती एका पंथाच्या चर्चची होती. १७५४पासून कायदेशीर लग्न त्याच चर्चमध्ये करावे लागे. सूट फक्त ज्यू आणि क्वेकर पंथीयांना. कॅथलिकांनाही तिथेच जावे लागे. अखेर १ जुलै १८३७ रोजी सरकारी नोंदणी सुरू झाली आणि जन्म, लग्न, मृत्यू ही धर्माबाहेरची, नागरिक म्हणून होणारी नोंद झाली. अल्पसंख्याकांसाठी ही फार मोठी गोष्ट होती.

दुसरी उणीव आपल्या जवळची आहे. कंपनीच्या काळात मुंबई इलाख्यातल्या चर्च-नोंदींच्या प्रती लंडनला जात. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जुन्या नोंदीत गोऱ्या सैनिकाच्या मुलाचा बाप्तिस्मा असतो, बापाचे नाव आणि हुद्दा असतो. आई इथली असेल, तर तिचे नाव अनेकदा नसतेच.

हे ऐकून इंग्रजांना नावे ठेवण्याआधी आपला शजरा काढून बघा. बाप, आजोबा, पणजोबा ओळीने असतात. आई, आजी, पणजी बहुतेक घरांत गायब.

आपल्याकडे चर्चसारखी एक वही नाही, पण कागद आहेत. गावची जन्म-मृत्यू नोंदवही, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे फेरफार, काझींच्या निकाहाच्या वह्या. काही मोडीत, काही उर्दूत. हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. महाराष्ट्रात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीचा पुरावा मागतात. पिंजारी, बागवान, तांबोळी घरातल्या पोराने आजोबांचा शाळेचा दाखला काढला, की जातीच्या रकान्यात कित्येकदा नुसते 'मुसलमान' लिहिलेले निघते. मग चुलत आजोबांचा दाखला, दुसऱ्या गावची नोंद, असा शोध सुरू होतो. इंग्लंडमधला माणूस हौसेने शोधतो. आपला पोरगा प्रवेशाची तारीख जवळ आली म्हणून धावपळ करतो.

म्हणून तीन कामे सांगतो. घरातल्या आणि मोहल्ल्यातल्या जुन्या कागदांचे मोबाइलवर नीट फोटो काढा आणि किमान दोन ठिकाणी ठेवा. काझीसाहेबांना भेटून, त्यांच्या परवानगीने जुन्या वह्यांच्या प्रती करा. आणि निकाह झाला की त्याच आठवड्यात पालिकेत किंवा ग्रामपंचायतीत विवाहनोंदणी करा. उद्या पोटगीचा, वारशाचा प्रश्न आला, तर तो कागद मुलीच्या हातात असला पाहिजे.

आज घरी गेल्यावर शजऱ्यात आईचे, आजीचे नाव लिहा. पणजीचे नाव सांगणारे कोणी घरात असेल, तर तेही आजच विचारून घ्या.