साधं असण्याचा हक्क

(मुलांच्या वाचनाविषयी शिक्षक, ग्रंथपाल आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आठ ते बारा वर्षांच्या मुलांसाठीच्या ग्राफिक नॉव्हेल्समधली विविधता आणि प्रतिनिधित्व, असा विषय मला दिला आहे. मी साहित्याचा अभ्यासक नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी सॉफ्टवेअरमधली. ही पुस्तकं मात्र मी आवडीनं वाचतो, आणि माझ्या कामातल्या काही कल्पना इथे उपयोगी पडतील असं वाटतं.

ग्राफिक नॉव्हेल म्हणजे चित्रकादंबरी. कॉमिक्ससारख्या चौकटी, फुग्यांतले संवाद, पण दोनशे-अडीचशे पानांची एक सलग गोष्ट. अमेरिकेत या वयाच्या वाचकांना 'मिडल ग्रेड' म्हणतात. माझी बरीचशी उदाहरणं तिथली आहेत, कारण मुलांच्या पुस्तकांत कोण दिसतं आणि कोण दिसत नाही याची मोजदाद तिथे फार आधीपासून होते आहे. शेवटी आपल्याकडच्या एका पुस्तकाबद्दल बोलेन.

आमच्या क्षेत्रात 'डीफॉल्ट' नावाची एक गोष्ट असते. वापरणाऱ्यानं काहीच निवडलं नाही तर जे आपोआप लागू होतं ते डीफॉल्ट. बहुतेक लोक ते कधी बदलत नाहीत. ते कुणीतरी ठरवलेलं आहे, हेही अनेकांच्या लक्षात येत नाही. ते जणू निसर्गनियमासारखं वाटू लागतं.

मोबाईलवरचे इमोजी घ्या. माणसांच्या इमोजींना त्वचेच्या छटा निवडण्याची सोय २०१५ साली आली. पुढच्याच वर्षी बर्लिनमध्ये राहणाऱ्या रयूफ अलहुमैदी या पंधरा वर्षांच्या सौदी मुलीच्या लक्षात आलं, की मैत्रिणींशी गप्पा मारताना स्वतःसाठी वापरावा असा, डोक्यावर स्कार्फ असलेला एकही चेहरा त्या यादीत नाही. तिनं युनिकोड कन्सॉर्टियमकडे रीतसर प्रस्ताव दिला आणि २०१७ मध्ये तो इमोजी आला. स्कार्फ घालावा की नाही, यावर आपल्यात मतभेद आहेत. ते खुशाल असोत. शेकडो चित्रांच्या यादीत आपण नाही, हे एका शाळकरी मुलीला दिसलं आणि यादी करणाऱ्यांना दिसलं नव्हतं, हा माझा मुद्दा.

आता पुस्तकांकडे येऊ. १९६५ साली नॅन्सी लॅरिक यांनी अमेरिकेत तीन वर्षांत निघालेली ५,२०६ बालपुस्तकं तपासली. त्यातल्या फक्त ३४९ पुस्तकांत एखादी तरी कृष्णवर्णीय व्यक्ती होती, म्हणजे ६.७ टक्के. १९९० साली रुडीन सिम्स बिशप या अभ्यासकांनी एक रूपक मांडलं, ते आज जगभर वापरलं जातं. पुस्तक मुलासाठी आरसा असतं, खिडकी असतं आणि सरकवून पलीकडे जाता येईल असं काचेचं दारही असतं. ज्या मुलाला पुस्तकात स्वतःचं प्रतिबिंब कधीच सापडत नाही, ते या समाजात आपली किंमत काय हा धडा घेऊन मोठं होतं. ज्याला फक्त स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं, तेही जगाबद्दल चुकीचंच शिकतं. हा दुसरा भाग आपण बऱ्याचदा विसरतो.

विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तकांचं एक केंद्र १९८५ पासून ही मोजणी करतं. त्यांच्या २०१८ सालच्या आकड्यांनुसार पन्नास टक्के पुस्तकांची मुख्य पात्रं गोरी होती. सत्तावीस टक्क्यांत प्राणी, मोटारगाड्या वगैरे. कृष्णवर्णीय दहा टक्के, आशियाई सात, लॅटिन अमेरिकी वंशाची पाच, तिथले मूळनिवासी एक टक्का. म्हणजे या चारही गटांची बेरीज केली तरी ती प्राणी आणि मोटारगाड्यांच्या मागेच राहते.

पण हे आकडे सगळ्याच बालपुस्तकांचे. चित्रकादंबरीचा प्रश्न वेगळा का मांडायचा? साध्या कादंबरीत पात्राचं वर्णन एकदा येतं आणि वाचक ते विसरूही शकतो. चित्रकथेत तसं होत नाही. पानावर सहा चौकटी असतील तर सहा वेळा तो चेहरा, ते केस, तो रंग, ते घर समोर येतं. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ च्या 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स' या पुस्तकात एक सुंदर गोष्ट सांगितली आहे : चेहरा जितका साधा काढाल, तितके जास्त वाचक त्यात स्वतःला पाहतात. दोन ठिपके आणि एक रेघ, की झाला कुणाचाही चेहरा. खरं आहे. पण गोष्ट पुढे सरकली की त्या चेहऱ्याला केस द्यावे लागतात, नाव द्यावं लागतं. मधल्या सुट्टीत त्यानं डबा उघडला तर आत काय आहे, ते काढावं लागतं. आजीनं हाक मारली तर काय म्हणून मारली, ते लिहावं लागतं. तिथे 'कुणाचाही' चेहरा संपतो आणि काढणाऱ्याच्या मनातलं डीफॉल्ट कागदावर उतरतं.

जेरी क्राफ्ट यांचं 'न्यू किड' हे २०१९ सालचं पुस्तक याचं उत्तम उदाहरण आहे. जॉर्डन बँक्स हा सातवीतला कृष्णवर्णीय मुलगा. त्याला चित्रकलेच्या शाळेत जायचं असतं, पण घरचे त्याला एका महागड्या खासगी शाळेत घालतात. तिथे त्याच्यासारखी मुलं मोजकीच. एका प्रसंगात तो बसनं शाळेला निघतो, आणि खिडकीबाहेरची वस्ती बदलत जाते तसतसा तो स्वतःला बदलत जातो. कुठे डोक्यावरची हुडी उतरवतो, कुठे बसण्याची ढब बदलतो. हे सांगायला गद्य लेखकाला दोन पानं लागली असती. इथे काही चौकटींत कळतं. शिवाय वाचणाऱ्या मुलाला कुणी उपदेश केलेला नसतो, त्यानं ते स्वतःच पाहिलेलं असतं.

त्याच पुस्तकात आणखी एक टोला आहे. गोऱ्या मुलांना वाचायला जादूची, साहसाची पुस्तकं मिळतात. कृष्णवर्णीय मुलाच्या हातात मात्र मोठी माणसं चांगल्या हेतूनं गरिबीच्या, टोळीयुद्धाच्या, दुःखाच्या गोष्टी ठेवतात. क्राफ्ट यांनी त्याची यथेच्छ टिंगल केली आहे. त्यांचा जॉर्डन मात्र अभ्यास करतो, व्हिडिओ गेम खेळतो, मित्राबरोबर खिदळतो. शिक्षिका त्याच्या मित्राला, ड्रूला, पुन्हा पुन्हा दुसऱ्याच एका कृष्णवर्णीय मुलाच्या नावानं हाक मारतात, तेव्हा हे दोघे त्याचाही विनोद करतात. अपमान आहे, पण तो त्यांच्या आयुष्याचा एक भाग आहे. सगळं आयुष्य नाही.

या पुस्तकाला २०२० साली न्यूबेरी पदक मिळालं. १९२२ पासून दिलं जाणारं हे पदक मिळवणारी ही पहिली चित्रकादंबरी. आणि पुढच्याच वर्षी टेक्सासमधल्या केटी इथल्या शाळांनी ती कपाटातून काढून घेतली. एका पालकानं मोहीम चालवली होती, की अशा पुस्तकांमुळे गोऱ्या मुलांना अपराधी वाटतं. लेखकाशी ठरलेला ऑनलाइन कार्यक्रमही पुढे ढकलला गेला. समितीनं पुस्तक वाचून पाहिलं, त्यात आक्षेपार्ह काही नाही असं ठरवलं, आणि ते परत कपाटात आलं. या पुस्तकात कुणी कुणाला मारत नाही, कुणी घोषणा देत नाही. एक मुलगा शाळेत जातो, इतकंच. कोपऱ्यातलं पात्र म्हणून तो चालला असता. तो गोष्टीच्या मध्यभागी उभा राहिला, आणि मध्यभागी कोण असावं याबद्दलची जुनी सवय दुखावली गेली.

आता मुस्लिम मुलांकडे येऊ. २०१४ साली मार्व्हलनं कमला खान या जर्सी सिटीतल्या पाकिस्तानी-अमेरिकन मुलीला 'मिस मार्व्हल' केलं आणि पुढच्या वर्षी त्या मालिकेला ह्युगो पुरस्कार मिळाला. तिचे वाचक जरा मोठे. पण लहानांसाठी मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते २०२० सालचं 'व्हेन स्टार्स आर स्कॅटर्ड'. ओमर मोहमद सोमालियातल्या युद्धातून धाकट्या भावासह केनियातल्या ददाब निर्वासित छावणीत पोहोचला आणि तिथेच लहानाचा मोठा झाला. पुढे अमेरिकेत आल्यावर त्यानं व्हिक्टोरिया जेमिसन या चित्रकथाकार बाईंबरोबर आपली गोष्ट लिहिली. आठवण त्याची, चित्रं त्यांची, लेखन दोघांचं.

या पुस्तकातला भाऊ, हसन, बोलू शकत नाही. त्याच्याकडे एकच शब्द आहे : 'होयो', सोमाली भाषेत 'आई'. ओमरला शाळेत जायचं आहे, पण हसनला सोडून कसं जायचं हा त्याचा खरा पेच. छावणीतली एक हुशार मुलगी अभ्यासात पुढे असते आणि तिचं लग्न लावून दिलं जातं. नमाज आहे, रोजे आहेत, पण दुसऱ्या कुणाला समजावून सांगण्यासाठी ते आलेले नाहीत. दिवस जसा जातो तसे ते येतात. इथला मुसलमान आफ्रिकी आहे, गरीब आहे, विनोदी आहे, कंटाळलेला आहे, भावावर चिडतो आणि त्याच्यावर जीवही टाकतो. 'मुस्लिम पात्र' म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे जे एकच चित्र येतं, ते या पुस्तकानं मोडलं.

तरी एका पुस्तकावर सगळा भार टाकता येत नाही. कपाटात मुस्लिम मुलाची एकच गोष्ट असेल आणि ती निर्वासिताची असेल, तर वर्गातल्या इतर मुलांना मुसलमान म्हणजे दया करण्याचा विषय वाटेल. एकच गोष्ट सुपरहिरोची असेल, तर स्वीकार होण्यासाठी आपल्याला जग वाचवावं लागतं असं आपल्या मुलाला वाटेल. म्हणून एक पुस्तक आणून 'झालं प्रतिनिधित्व' म्हणता येत नाही. दुसरं हवं, तिसरं हवं. त्यातलं एखादं निव्वळ हरवलेल्या मांजराबद्दल असावं. नायिकेचं नाव शबाना असावं, आणि मांजर सापडेपर्यंत तिच्या धर्माचा विषयही निघू नये.

आता आपल्याकडे. 'अमर चित्र कथा' १९६७ पासून निघते आहे. तिचा विषयच इतिहास-पुराणांचा, त्यामुळे तिथे मुसलमान भेटतात ते अकबर किंवा नूरजहाँच्या रूपात. बादशाह भेटतो, सायकल शिकणारा शेजारचा मुलगा भेटत नाही.

वेगळी वाट दाखवणारं पुस्तक म्हणजे २०११ मध्ये 'नवयान'नं काढलेलं 'भीमायन'. ते खास या वयासाठी लिहिलेलं नाही, पण मोठ्यांच्या सोबतीनं या वयाची मुलं ते जरूर वाचू शकतात. बाबासाहेबांची ही जीवनकथा दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलाकारांनी रेखाटली. पाश्चात्त्य कॉमिक्ससारख्या बंद चौकटी त्यांनी नाकारल्या आणि पानं विभागायला आपल्या भिंती-अंगणातली दिग्ना नक्षी वापरली. मायेच्या बोलण्याचे फुगे पक्ष्यांच्या आकाराचे, विषारी बोलण्याचे फुगे विंचवाच्या नांगीचे. वाचता न येणाऱ्या मुलालाही कोणतं वाक्य डंख मारतं ते कळेल. प्रतिनिधित्व पात्रापुरतं थांबत नाही, काढणाऱ्या हातापर्यंत जातं, ते असं. आदिवासी कलाकार पानावर आले आणि पानाची रचनाच बदलली.

'भीमायन' बाबासाहेबांच्या आत्मकथनपर टिपणांवर उभं आहे. त्या टिपणांत एक प्रसंग आहे, तो या सभागृहात सांगायलाच हवा. १९३४ साली बाबासाहेब सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला पाहायला गेले. रमजानचे दिवस होते. दाराजवळच्या हौदात काहींनी हातपाय धुतले, तेव्हा अस्पृश्यांनी पाणी बाटवलं म्हणून तिथल्या मुसलमानांनी त्यांना शिवीगाळ केली. आपल्या मुलांना हेही पान दाखवलं पाहिजे. आरसा मागायचा तर तो आपला चेहरा जसा आहे तसा दाखवेल, ही तयारी हवी. आम्हाला फक्त सज्जन किंवा फक्त पीडित दाखवा, ही मागणी प्रतिनिधित्वाची नाही, जाहिरातीची आहे. ज्याला चुकण्याची मुभा आहे, तेच पात्र माणूस वाटतं.

शिक्षक आणि ग्रंथपालांना तीन प्रश्न सुचवतो. पुस्तक निवडताना ते विचारून पाहा. या गोष्टीत वेगळ्या समाजातलं मूल स्वतः काही ठरवतं, की त्याच्या बाबतीत सगळं दुसरेच ठरवतात? त्याला हसायला मिळतं का? आणि आपल्या कपाटात त्याच्या समाजातलं, त्याच्यासारखं नसलेलं, आणखी एक मूल आहे का?

पालकांना एकच सांगणं. मोहल्ल्यातल्या वाचनालयात वही आणि पेन्सिली ठेवा. प्रत्येक मुलाला आठ चौकटी आखून द्या आणि 'काल तू काय केलंस' ते काढायला सांगा. 'प्रथम बुक्स'च्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर चित्रपुस्तकं मराठीसह अनेक भाषांत मोफत मिळतात, आणि कुणालाही त्यांचा अनुवाद करता येतो. तिथून सुरुवात करा. मुलांची चित्रं पाहताना एक गोष्ट मात्र नीट बघा : स्वतःला काढताना मूल आपल्या घरातला चेहरा काढतं, की टीव्हीवरचा? टीव्हीवरचा काढत असेल तर रागावू नका. आपण त्याला आतापर्यंत काय दाखवलं, त्याचा तो हिशेब आहे. तो हिशेब बदलणं आपल्या हातात आहे.