हवेची नेल गन घेताना

आमचा बचत गट पाट, चौरंग, छोटी बाकडी करतो, हंगामात आंब्याच्या पेट्याही करतो. दोन वर्षं हातोडीनंच ठोकलं. संध्याकाळी मनगट उचलत नसे. मग गटाच्या पैशातून कॉम्प्रेसर आणि हवेवर चालणारी नेल गन घेतली. घाईत घेतली, स्वस्त बघून घेतली. आठव्या दिवशी आमच्या एका वहिनींच्या डाव्या बोटात खिळा घुसला. बोट वाचलं, पण दीड महिना त्यांचं काम बंद. ती चूक तुमच्याकडून होऊ नये, म्हणून आज बोलतोय.

पहिलं, काम ठरवा, मग गन. चौरंगाची पट्टी, दाराच्या चौकटीचं बीडिंग यांना 18 गेजचा बारीक खिळा मारणारी गन चांगली. बाजारात तिला एफ-30 म्हणतात. ती 10 ते 30 मिलिमीटरचे खिळे घेते. पण या खिळ्याचं डोकं लहान असतं. पेटीत वजन भरलं की फळी डोक्यावरून सुटून येते. आमच्या पेट्या अशाच उघडल्या. पेटीला यू आकाराची पिन मारणारी गन लागते, तीही वेगळीच घ्यावी लागते. पिनेची लांबीही बघा. टोक आत निघालं तर आंब्याला लागतं, आणि डागी आंबा कोण घेणार?

दुसरं, गनचं टोक बघा. ते लाकडावर दाबल्याशिवाय खिळा सुटता कामा नये. आमच्या पहिल्या गनला ही सोयच नव्हती. घोडा दाबून ठेवला की टोक टेकेल तिथे खिळा सुटतो, अशीही गन मिळते. नवख्या हाताला ती नको. दर खिळ्याला आधी टोक दाबायचं, मग घोडा ओढायचा, अशीच मागा.

तिसरं, आपलं लाकूड दुकानात घेऊन जा. पन्नास खिळे मारून बघा. खिळा अडकतो का, डोकं वर राहतं का? पाइप जोडल्यावर सूं सूं आवाज आला तर हवा गळते. आतल्या रबरी रिंगा, खिळा ढकलणारी पाती आणि खिळे तालुक्याला मिळतात का, ते विचारा. नाहीतर चांगली गनसुद्धा धूळ खात पडते. पक्कं बिल घ्या. गन हातात धरून बघा. दिवसभर ती तुम्हालाच उचलायची आहे.

घेतल्यावर रोज हवेच्या तोंडात दोन-तीन थेंब गनचं तेल घाला. संध्याकाळी टाकीतलं पाणी सोडा, पावसाळ्यात तर न चुकता. गनवर लिहिलेल्यापेक्षा जास्त प्रेशर देऊ नका. टाकीऐवजी ऑक्सिजनचा किंवा गॅसचा सिलिंडर कधीही जोडू नका, स्फोट होतो. खिळा अडकला तर आधी पाइप काढा, मगच हात लावा. लाकडाच्या रेषेवरून खिळा वळून बाजूनं बाहेर येतो, म्हणून धरणारा हात खिळ्याच्या लांबीपेक्षा बराच लांब ठेवा. डोळ्यांना चष्मा हवाच.

वहिनी आता पुन्हा कामावर आहेत. नव्या बाईच्या हाती गन देण्याआधी त्या आपलं बोट दाखवतात. मग कुणाला चष्मा घाल म्हणून सांगावं लागत नाही.