बाराबंदीची उसवण

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जयपूर येथे दिलेले भाषण)



हिशेबाच्या कागदांना टाचण्या टोचण्यात ज्याची तीस वर्षे गेली, त्याने सुईदोऱ्यावर व्याख्यान द्यावे ही गोष्ट काहीशी धाडसाचीच. परंतु गेली काही वर्षे जुन्या धर्तीचे कपडे घरी शिवण्याचा नाद मला लागला आहे, आणि तो कसा लागला हे आपल्यापैकी पुष्कळांनी याच रंगमंचावर पाहिले आहे.

गणेशोत्सवातील ऐतिहासिक नाटकात मी मावळा झालो होतो. पोशाख भाड्याचा, चकचकीत साटीन, खोटी जर आणि पाठीला चक्क चेन! तलवार उपसून हात वर करताच उजव्या बगलेत जो आवाज झाला, तो शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचला. उरलेली लढाई मी कोपर अंगाशी आवळून लढलो. घरी आल्यावर धाकट्या मुलीने विचारले, "बाबा, खरे मावळे लढायचे तरी कसे?" तिने थट्टेने विचारले, मला मात्र त्या रात्री नीट झोप लागली नाही.

मी मूळचा सोलापूरचा. मकरसंक्रांतीला सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, जिला आम्ही गड्डा म्हणतो, नंदीध्वज निघतात, तेव्हा बरोबर चालणारे भक्त आजही पांढरी बाराबंदी घालतात. माझे वडील दरवर्षी घालीत. त्यांच्या पश्चात ती माझ्याकडे आली आणि ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीने पडून राहिली. भाड्याच्या अंगरख्यात नाही असे तिच्यात काय आहे, हे जाणून घ्यायचे तर ती उसवणे भाग होते.

आमच्या सौ.नी साफ विरोध केला. "मामंजींच्या अंगावरचं वस्त्र आहे ते, तुमच्या कचेरीतली फाईल नव्हे." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी सोलापूरला आईला फोन केला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "डावी बाजू उसव. उजवी मी दोनदा शिवलीय. तिच्यात तुला मूळचं काही सापडायचं नाही."

डावी बाजू उसवायला दोन रविवार लागले. सुटलेले तुकडे सतरंजीवर मांडले आणि मी थक्क झालो. आपल्या सदऱ्याला बाहीचे भोक गोल असते आणि बाहीचे टोकही त्याच बेताने गोल कापलेले असते. हात खाली असताना ते सुरेख बसते. हात वर केला की सगळा ताण बगलेतल्या एका शिवणीवर येतो. येथे गोलाई जवळजवळ नव्हतीच. अंग सरळ, बाही सरळ, आणि दोहोंच्या मध्ये बगलेत एक चौकोनी तुकडा. जुने शिंपी याला चौबगला म्हणत. हा चौकोन कोपऱ्यावर उभा बसवलेला असतो. त्यामुळे हात वर जाताना ताण त्याच्या उभ्या-आडव्या धाग्यांवर न पडता तिरपा पडतो. तिरपे कापड किंचित ताणते, हे घरोघरीच्या भगिनींना ठाऊकच आहे. मला ते पन्नाशीत कळले. नंदीध्वजासाठी हात उंचावणाऱ्या माणसाची सोय वीतभरही नसलेल्या त्या तुकड्याने केली होती.

दुसरे नवल काटकसरीचे. हातमागाचा पन्हा अरुंद, कापड मोलाचे. म्हणून चिंधी फारशी पडू द्यायची नाही. घेरासाठी लागणाऱ्या कळ्या कापताना आयत कर्णावर कापायचा आणि एक तुकडा उलटा फिरवायचा, की दोन कळ्या तयार! मात्र कळीची तिरपी कड शेजारच्या तुकड्याच्या सरळ कडेलाच जोडावी. दोन तिरप्या कडा एकत्र आल्या की घेर लोंबतो. माझा पहिला घेर असाच लोंबला. (नाव बाराबंदी, पण वडिलांच्या बाराबंदीला बंद आठच होते, आणि चार गळाल्याची खूण कोठेही नव्हती. हा हिशेब मला अद्याप लागलेला नाही.)

वडिलांची बाराबंदी अर्थातच शिवकालीन नव्हे. आणि साध्या मावळ्याच्या अंगावर शिवलेले कपडे कितपत असत, हा प्रश्न निराळाच. पण बेतण्याची रीत जुनी. ती ताडून पाहायला येथील सिटी पॅलेसमधील मुबारक महालासारखी जागा नाही. सवाई माधोसिंह पहिले यांचे अवाढव्य आत्मसुख पाहायला तेथे गर्दी होते. (हेच ते माधोसिंह, ज्यांच्या कारकिर्दीत १७५१ च्या जानेवारीत या शहरात मराठ्यांची कत्तल झाली. आज आपण येथेच सुखाने मोदक खातो!) मी मात्र अंगरख्यांच्या बगला न्याहाळीत इतका वेळ उभा राहिलो, की पहारेकऱ्याला संशय आला. डॉ. गो. स. घुर्ये यांचा भारतीय पोशाखावरील १९५१ चा इंग्रजी ग्रंथही हौशी माणसाने अवश्य चाळावा. मुघलकालीन चित्रांत हिंदू सरदारांच्या जाम्याचे बंद डाव्या बगलेखाली आणि मुसलमान सरदारांचे उजव्या बगलेखाली दिसतात, असे अभ्यासकांनी नोंदले आहे. आपल्या नाटकांत दोघांचेही पाठीमागे असतात, चेनने.

ज्यांना हा नाद करून पाहायचा असेल त्यांनी मांजरपाटापासून आरंभ करावा. कापड आधी धुऊन वाळवावे. मी ते केले नाही आणि माझी पहिली बाराबंदी पहिल्या धुण्यानंतर मुलीला झाली. सिंगरने शिलाई यंत्राचे पेटंट १८५१ साली घेतले, तेव्हा पेशवाईतला प्रत्येक टाका हाताचाच. तरीही आतल्या लांब शिवणी यंत्रावर मारण्यात मला पाप वाटत नाही. कड तेवढी हाताने तुरपावी. यंत्राची टीप प्रकाशझोतात लगेच ओळखू येते.

पुढल्या नाटकासाठी मंडळातील भगिनींच्या साहाय्याने सहा बाराबंद्या शिवल्या. तालमीत सहाही जणांनी एकदम तलवारी उपसल्या, आणि मी संवाद सोडून कान देऊन ऐकत राहिलो. काहीही फाटले नाही. मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. तिने नुसती मान हलवली.

वडिलांच्या बाराबंदीची डावी बाजू मी पूर्वीच्याच टाक्यांच्या भोकांतून हाताने शिवून काढली; सरळ आली नाही. उजवी मी उसवली नाही. तिच्यावर आईचे टाके आहेत, एकावर एक, दोन रंगांच्या दोऱ्यांचे.