भद्रेतलं कालव

आज एकाच शिंपलीबद्दल बोलणार आहे: स्यूडोमुलेरिया डॅलीआय. कोकणातल्या मंडळींनी खडकाला घट्ट बसलेली कालवं पाहिली असतील. ही तशीच, जाड आणि वेडीवाकडी, पण गोड्या पाण्यातली. कर्नाटकात सह्याद्रीतून उतरणाऱ्या तुंगा-भद्रेच्या खोऱ्यात ती खडकाला चिकटून जगते.

1898 साली एडगर स्मिथ यांनी तिचं वर्णन केलं आणि ती मुलेरिया या प्रजातीत घातली. ही प्रजाती दक्षिण अमेरिकेतली! कोलंबियाच्या नदीतली शिंपलीही अशीच खडकाला चिकटते, म्हणून दोघी सख्ख्या. पुढे 1907 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ अँतोनी यांनी तिला वेगळी प्रजाती दिली, पण कुळ तेच राहिलं, इथेरिडी. आफ्रिकेतली इथेरियाही त्याच कुळातली. तीन खंडांत विखुरलेलं एक कुटुंब म्हटल्यावर गोंडवन हा पुरातन महाखंड फुटल्याची कथा आपोआप जुळली. कथा इतकी देखणी होती की ती तपासायची घाई कुणाला झाली नाही.

2000 साली बोगन आणि हो यांनी डीएनए तपासला. आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या शिंपल्या एकमेकींच्या नात्यातल्या निघाल्या. आपली मात्र युनिओनिडी कुळातली ठरली, म्हणजे आपल्या तळ्या-नद्यांच्या चिखलात रुतून बसणाऱ्या साध्या शिंपल्यांच्या गोतातली. वेगवान पाण्यात टिकण्यासाठी खडक धरून बसण्याची युक्ती तिच्या वंशाने स्वतंत्रपणे साधली होती.

यावर एक शेरा हमखास ऐकू येतो: मग तिचं वेगळेपण संपलं, आता जतन कशाला? मला हे उलटं वाटतं. दूरच्या घराण्याचा उरलेला अवशेष म्हणून तिची किंमत होती, तर याच मातीत घडलेला प्रयोग म्हणून ती जास्त आहे. नाव बदललं की वर्गीकरणवाल्यांना कारकून म्हणून हिणवणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की नात्यावरूनच प्राण्याची गरज कळते. युनिओनिडी कुळातल्या शिंपल्यांची अळी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून वाढते. म्हणजे मासा गेला तर नवी पिढी थांबते. जुनी शिंपली मात्र खडकावर वर्षानुवर्षं दिसत राहते आणि पाहणी करणारा समाधानाने परततो. मोजायची ती पिल्लं. वहीत मोठ्यांचा आकडा कितीही असो, त्यावर माझा विश्वास नाही.

शिवाय, चिकटलेल्या प्राण्याला पळता येत नाही. नदीचं पाणी अडवलं की खडक उघडे पडतात. उपसा, खाणकाम, उघडी पडलेली माती यांनी गाळ वाढला की शिंपली जागच्या जागी गुदमरते. भद्रेच्या उगमाजवळ कुद्रेमुखची लोहखाण 2005 अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबली, हे चांगलं झालं.

आणि एक विनंती, थोडी कडवट. नमुना म्हणून छिन्नीने शिंपल्या उखडणं बंद करा. उखडलेली शिंपली पुन्हा चिकटत नाही, आणि बरण्या आपल्याकडे पुरेशा आहेत. डीएनएसाठी मांसाचा बारीक तुकडा पुरतो.

या शिंपलीची अळी कोणत्या माशांवर वाढते, त्यांची यादी हाती असल्याशिवाय संवर्धनाचा कुठलाही आराखडा मंजूर करू नये, असा ठराव मी संध्याकाळी मांडणार आहे. मासेवाले मित्र शेजारच्याच दालनात बसले आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्यांना आपल्या पंगतीत ओढून आणा.