व्हेल शार्क



कोळ्यांच्या मुलांना मुशी ठाऊक असते. व्हेल शार्क ही तिच्याच वर्गातील, 12 मीटर व त्याहूनही अधिक वाढणारी. ती देवमासा नव्हे. ती कल्ल्यांनी श्वास घेते. देवमाशाची शेपटी आडवी, हिची उभी. (फळ्यावर दोन्ही काढून दाखवाव्यात.)

एवढे धूड प्लवक गाळून जगते. माणसाला तिचे भय नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर मात्र तेल व मांस यांसाठी तिची बेसुमार शिकार झाली. 1995 साली तैवानजवळ धरलेल्या एका मादीच्या उदरात सुमारे 300 पिल्ले आढळली. परंतु वयात येण्यास दोनेक तपे लागत असल्याने तूट सहज भरून निघत नाही.

2001 पासून भारतात तिची शिकार हा गुन्हा आहे. सापडल्यास जाळे कापून सोडावे लागते, आणि जाळे म्हणजे कोळ्याची भाकरी. त्यासाठी महाराष्ट्रात 2018 साली भरपाईची योजना निघाली. ती मुलांमार्फत घरोघरी कळवावी.